नकार आणि ‘ना’

मराठीत परीक्षणं काय कमी होतात? दोनशे प्रतींच्या कवितासंग्रहावर चार चार पानं लिहिली जातात. मीही लिहिली आहेत. पण ज्या पुस्तकाच्या लाखांनी प्रती निघतात, जे पाड्यापाड्यावर जातं, ज्याचा वाचक वाचता येण्याआधीच त्याच्यावर विश्वास ठेवून बसलेला असतो, त्या पुस्तकाचं परीक्षण कुणी करीत नाही. मी अंकलिपीबद्दल बोलतोय. प्राध्यापक मंडळींना ती साहित्य वाटत नाही, त्यांना तिच्यात प्रतिमा सापडत नाहीत. मला तर प्रतिमांशिवाय दुसरं काही सापडत नाही. एक अक्षर, एक चित्र, एक शब्द. एवढी दाबून भरलेली कविता दुसरी कुठली? आणि ती पाठ करावी लागते. ज्याला येत नाही त्याला त्यातल्याच एका अक्षराचं नाव पडतं : ढ. एवढी सत्ता आजवर कुठल्या कवीला मिळाली आहे?

माझ्या खात्यात, रिंगवर, एक सोबती आहे. पेठ तालुक्यातला, जातीने कोकणा. कोकणा म्हटलं की शहरातल्या माणसाला मासे आणि नारळ आठवतात. हे ते नव्हेत. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या डोंगरातले आणि पलीकडे गुजरातेत डांगात पसरलेले हे आदिवासी, त्यांची भाषा कोकणा किंवा कुकणा. या सोबत्याचा पोरगा यंदा जूनमध्ये गावाकडे पहिलीत बसला. त्याच्यासाठी घेतलेली अंकलिपी त्याच्या डब्याच्या पिशवीत होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ती उघडली आणि मी तिचं परीक्षण करायचं ठरवलं.

बाजारात अंकलिप्या पुष्कळ आहेत. चित्रं कमीजास्त बदलतात, पण जुनी माळ अजून चालूच आहे. अ अननसाचा. अननस सुरगाण्यातल्या पोरानं कुठे बघावा? इ इमारतीचा. इमारत त्याच्या बापानं बघितली आहे, पण तिच्यावर विटा चढवताना. न नळाचा. हे वाचताना माझा सोबती हसला. त्याच्या पाड्यावर चैत्र लागला की बाया विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरतात, आणि त्यांच्या पोराला ‘न’ हे अक्षर नळातून प्यायचं आहे.

पुढे भ भटजीचा. य यज्ञाचा. क्ष क्षत्रियाचा. व वजनाचा, म्हणजे वाण्याचा तराजूही आला. शूद्राला अक्षर नाही. अतिशूद्राला नाही. जंगलातल्या माणसाला नाही. बावन्न अक्षरांत चातुर्वर्ण्य असं नीट मांडून ठेवलं आहे, शेवटचा वर्ण तेवढा पानाबाहेर. मनुस्मृती जाळली ती १९२७ साली महाडला. अंकलिपीला अजून कुणी काडी लावली नाही, कारण ती पोरांचं पुस्तक आहे, निरागस आहे.

इथपर्यंत आपण दलित लेखक सहज येतो. हे आपल्याला लिहिता येतं, टाळ्याही मिळतात. भटजी काढा, भीमराव घाला. यज्ञ काढा, याचिका घाला. काही ठिकाणी अशा अंकलिप्या निघाल्याही आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पण माझ्या सोबत्याच्या पोराचा अडसर चित्रात नाही, दोस्तहो. तो चित्राखाली आहे. ‘क कमळाचा’ यातलं कमळ एक वेळ समजेल. त्याला ‘चा’ समजत नाही.

हे जरा सावकाश सांगावं लागेल. आपल्या मराठीत एक वस्तू दुसरीशी जोडायला चा, ची, चे लागतं. मास्तरांचं घर, देवाचा मुलगा. कोकणा भाषेत तिथे ‘ना’, ‘नी’ लागतं. देवना पोसा, म्हणजे देवाचा मुलगा. पोसा म्हणजे मुलगा, पोसी म्हणजे मुलगी, बाप म्हणजे बाहास. माझा म्हणायला ‘माना’. आता हे शब्द प्रमाण मराठीच्या कानाने ऐका. पोसा? कुणाला पोसा? माना? कुणाच्या माना? आणि ‘ना’ तर सरळ नकारच. (‘चल ना’ मधला ‘ना’ वेगळा, तो लाडाचा. तो आमच्याकडे फारसा येत नाही.) त्याच्या भाषेत ज्या अक्षराने माणसं एकमेकांना जोडली जातात, तेच अक्षर आपल्या भाषेत माणसाला दारातून परत पाठवायला वापरतात.

हा ‘ना’ मला परका नाही. माझी आजी बागलाणातली. तिच्या अहिराणीतही हाच ‘ना’ होता. घरना, गावना, मायना. माझे वडील नाशकात कामाला आले, झोपडपट्टीत राहिले, आणि ‘शिका’ हा बाबासाहेबांचा शब्द डोक्यावर घेऊन त्यांनी घरातला ‘ना’ खरवडून काढला. आजी बोलली की ते शेजाऱ्यांकडे बघायचे. मी मराठीत कविता करतो ती त्या खरवडण्यावर उभी आहे. वडिलांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. त्यांनी जे केलं त्याने मला पुस्तक मिळालं. पण आजीची एकही गोष्ट मला तिच्या शब्दांत येत नाही, एवढंही लिहून ठेवतो.

तर पोरगं शाळेत गेलं. गुरुजी बाहेरच्या जिल्ह्यातले, माणूस वाईट नाही, पोरांना मारत नाही. त्यांनी विचारलं, हे दप्तर कुणाचं? पोरगं म्हणालं, माना. वर्ग हसला नाही, कारण वर्गातली सगळीच पोरं ‘माना’वाली. गुरुजी हसले आणि म्हणाले, ‘माझं’ म्हण. पोरगं काही म्हणालं नाही. एक दप्तर, पहिलं नवं दप्तर, ते त्याचं आहे हे सांगायला त्याच्याजवळ शब्द होता आणि तो चुकीचा ठरला. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते वर्गात गप्प होतं. गुरुजींनी बापाला सांगितलं, मुलगा लाजाळू आहे, त्याला भाषा येत नाही.

भाषा येत नाही! आता ही भाषा काय आहे ते बघा. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात माणसं रात्र रात्र नाचतात, पावरी वाजत असते. कणसरी ही धान्याची देवता, नागलीच्या आणि भाताच्या कणसातली. ती रुसून कशी जाते आणि परत कशी येते याची कथा आहे. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतात, बोटांनी ती काडी ओढत थाळीतून सूर काढतात, आणि त्या सुरावर कथा चालते. थाळगान म्हणतात त्याला. रामकथासुद्धा त्यांची वेगळी आहे, आपल्या वाल्मीकीला न विचारता केलेली. या कथा ऐकत ऐकत डोळा लागलेलं पोरगं सकाळी शाळेत जातं आणि तिथे त्याला सांगतात की तुला भाषा येत नाही. रात्री ज्याच्याजवळ महाकाव्य होतं त्याच्याजवळ सकाळी अकरा वाजता एक वाक्यही नसतं.

नावाचंही तसंच. सोमवारी जन्मला म्हणून घरी सोम्या, मंगळवारचा मंगळ्या. रजिस्टरात ते सोमनाथ आणि मंगेश होतात. जन्मतारीख माहीत नसली की १ जून. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एका दिवशी, सरकारी. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. कारकून रकाना भरतो. पण पोराला त्या दिवशी दोन गोष्टी कळतात : घरचं नाव कागदावर चालत नाही आणि घरची भाषा फळ्यावर चालत नाही.

आश्रमशाळेत तर हे एका दिवसात उरकतं. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत आणि आदिवासी विकासाचं आयुक्तालय आपल्याच नाशकात आहे. सहा वर्षांचं पोरगं पेटी घेऊन तिथे उतरतं, बाप एसटीने परत जातो. आई आणि आईची भाषा, दोन्ही एकाच बसने गेली. मला आश्रमशाळा बंद करा म्हणायचं नाही. जे आईबाप थंडीत द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात त्यांच्या पोरांना दोन वेळचं जेवण कुठे मिळणार? पण त्या इमारतीत रात्री झोपताना कुणीतरी कोकणात गोष्ट सांगणारी म्हातारी असावी, या गोष्टीचं अंदाजपत्रक कुठल्या आयुक्ताने काढलं असलं तर मला दाखवा.

सगळी आदिवासी पोरं एका मापाने मोजू नयेत हेही खरं. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडचे महादेव कोळी, ठाकर, यांची बोली मराठीच्या जवळची. तिथे पोराला समजतं सगळं, पण बोललं की ‘अशुद्ध’ म्हणतात. हा अनुभव आपल्या वस्तीतल्या पोराच्या जवळचा आहे. कोकणा, भिल्ल पोराचा अनुभव त्याच्या एक पायरी खालचा. आपण अशुद्ध ठरलो. ते मुके ठरले.

आणि आता आपल्या साहित्याकडे येतो, कारण हा अंक आपल्याच माणसांच्या हातात जाणार. वेदना, नकार, विद्रोह. दलित साहित्यावर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस हे तीन शब्द पाण्याच्या घोटासारखे घेतो. आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आलं आणि मराठी कथेची सोवळी फाटली. मग ‘बलुतं’ १९७८, ‘उपरा’ १९८०. वस्तीतली, पालावरची बोली छापील पानावर आली. प्रस्थापितांच्या भाषेला आपण नकार दिला. बरोबर केलं. पण नकार देता आला कशामुळे? ती भाषा आपल्याला समजत होती म्हणून. ज्या भाषेला नाही म्हणायचं ती आधी यावी लागते. दया पवारांना प्रमाण मराठी येत होती म्हणून ती बाजूला सारून लिहिण्यात जोर होता. सहा वर्षांच्या कोकणा पोराजवळ नकार नाही. त्याच्याजवळ फक्त गप्प बसणं आहे, आणि त्याचं भाषांतर आपण ‘लाजाळू’ असं करतो. आपली समीक्षा नकाराची मोजमापं काढत बसली. या गप्प बसण्यासाठी तिच्याकडे शब्दच नाही.

वाहरू सोनवणे यांच्याकडे पाहा. भिल्ल समाजातला, चळवळीतला कवी. ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. त्यांची स्टेजवरची कविता आपल्या कितीतरी भाषणांत वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. टाळ्या मराठी कवितेला पडल्या. हा माणूस भिलोरीतही लिहितो. त्या भाषेचं आपण काय केलं, असं किती परिसंवादांत विचारलं गेलं? बहिणाबाईंचंही थोडं असंच. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली, मग पाठ्यपुस्तकात आली. खानदेशी बोली किती गोड, म्हणून मास्तर वाचून दाखवतात. आणि त्याच बोलीत पोराने पाणी प्यायला जाऊ का विचारलं की म्हणतात, नीट बोल. कवितेच्या तासाला गोड, बाकी सात तास गावंढळ!

२०२५ चं उदाहरण तर ताजं आहे. १६ एप्रिलला सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा निर्णय काढला. महाराष्ट्र पेटला. १७ जूनला शब्द बदलून दुसरा निर्णय आला, आणि २९ जूनला दोन्ही मागे घ्यावे लागले. साहित्यिक, शिक्षणतज्ज्ञ, पुढारी, सगळे एकमुखाने म्हणत होते की सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचं ओझं टाकू नका, मूल आधी आपल्या भाषेत उभं राहू द्या. शंभर टक्के खरं. आमच्या गिरणीच्या फाटकावर सह्या गोळा केल्या तेव्हा मीही केली. पण त्या वाक्यात ‘हिंदी’च्या जागी ‘मराठी’ हा शब्द ठेवून ते पेठ तालुक्यात वाचून बघा. तेवढंच खरं राहतं. मुंबईत विजयाचा मेळावा झाला, त्यात हे वाक्य कुणी वाचलं नाही. नाशिक जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर चार माणसांत एक आदिवासी आहे. २०१८ च्या मार्चमध्ये हीच माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, तेव्हा त्यांच्या सोललेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी छापले. पाय दिसले. जीभ कुणी पाहिली नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदे आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३५० क म्हणतं की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही मातृभाषा म्हणतो, पण पुढे जोडतो : शक्य असेल तिथवर. २०२० च्या धोरणातही तोच सूर. हे ‘शक्य असेल तिथवर’ घातलं की बाकीचा कायदा पोटभर झोपू शकतो.

शक्य नाही असंही नाही. ओडिशाने २००६ पासून संथाळी, सौरा, कुई, कोया अशा दहा आदिवासी भाषांत पहिलीची पुस्तकं काढून शाळांतून शिकवायला घेतलं. पोरगं आधी आपल्या भाषेत वाचतं, मग हळूहळू ओडिया. आपल्याकडे तारा मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला, मग १९५७ पासून कोसबाडला वारली पोरांत बसल्या. पोरं गुरं राखायला कुरणात जातात तर शाळा कुरणात नेली. पानं, बिया, शंख हेच साहित्य केलं. म्हणजे चित्र बदलण्याचं काम आपल्या राज्यात केव्हाच झालं होतं. ‘चा’चं काम बाकी राहिलं. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा उघडली, तर २०२२ मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत म्हणून नोटीस धाडली.

जोतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनला लिहून दिलं होतं की प्राथमिक शाळेचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्या, ते त्या लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. मला यातलं ‘मिसळणं’ हे भाषेचं मिसळणं वाटतं. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकासकट काही पदं स्थानिक आदिवासींतून भरायचं ठरलं. मग कोर्टकचेरी, भरती अडकली, आणि २०२४ मध्ये पेसा भरतीसाठी पोरापोरींना याच नाशकात रस्त्यावर बसावं लागलं. वर्तमानपत्रांनी ते नोकरीचं आंदोलन म्हणून छापलं. नोकरीचं होतंच. पण त्यातली प्रत्येक जागा म्हणजे ‘माना’ ऐकून न हसणारा एक मास्तर होता, हे कुणी छापलं नाही.

माझ्या सोबत्याला मी हे सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, ‘भाऊ, तू लिही. पण मला पोराला कोकणा शिकवायची शाळा नको. कोकणा घरी येतंच. त्याला साहेबाची भाषा येऊ दे, नाहीतर तोही इथं रिंगवर येईल.’ हे म्हणणं खोडता येत नाही. बोलीचं कौतुक करणाऱ्या पांढरपेशांची पोरं कुठल्या शाळेत जातात ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आदिवासीने आपल्या भाषेत राहावं, नाचावं, आणि आपण ते बघायला जावं, असला माल मला विकायचा नाही. त्याला मराठी यायलाच पाहिजे, इंग्रजी यायलाच पाहिजे, माझ्यापेक्षा चांगली. मी त्याला एवढंच म्हटलं, साहेबाच्या भाषेपर्यंत पोचायला पोरगं वर्गात आधी तोंड तरी उघडेल ना? दोन वर्षं त्याला ‘माना’ म्हणू दे, आणि ‘माझं’ त्याच्या शेजारी ठेव. तो म्हणाला, मग गुरुजीनं आधी ‘माना’ शिकावं. हे माझ्या चार पानांपेक्षा नेमकं होतं, म्हणून जसंच्या तसं दिलं.

तूर्त आम्ही दोघं एक अंकलिपी करतोय. सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्यांची पानं कापली आहेत. जेवणाच्या सुट्टीत तो सांगतो, मी लिहितो, त्याची बायको फोनवरून चुका काढते. क कणसरीना. थ थाळीना. न नागलीना. प पावरीना. ब बाहासना. व वाघबारसना. ‘ना’ आहे की ‘नी’, यावर त्या नवराबायकोचं भांडण होतं. ती सुरगाण्याची, हा पेठचा, दोघांचं थोडं वेगळं आहे. म्हणून आम्ही दोन्ही लिहितो. ‘य’पर्यंत आलोय. ‘क्ष’ला काय घालायचं ते त्याला सुचेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडं ते नाहीच, पान कोरं ठेवा, पोरगं काढील काहीतरी.